संघ विकला म्हणजे नेमकं काय विकलं? अ‍ॅरिझोना कायोटीजच्या अठ्ठावीस वर्षांचा हिशेब

१८ एप्रिल २०२४ रोजी नॅशनल हॉकी लीगच्या संघमालकांनी एका व्यवहाराला मंजुरी दिली. अ‍ॅरिझोना कायोटीज या संघाचे खेळाडू, प्रशिक्षक आणि पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क यूटा राज्यातल्या रायन स्मिथ यांच्याकडे गेले. किंमत १२० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण दहा हजार कोटी रुपये. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण कायोटीजचे मालक अ‍ॅलेक्स मेरुएलो यांच्या हातात पडले १०० कोटी. उरलेले २० कोटी लीगमधल्या बाकीच्या मालकांनी वाटून घेतले. आणि संघाचं नाव, बोधचिन्ह, रंग, जुने विक्रम हे सगळं मेरुएलोंकडेच राहिलं. कागदोपत्री कायोटीज ‘निष्क्रिय’ झाला आणि यूटात उभा राहिलेला संघ ‘नवा’ ठरला, मग त्यातले खेळाडू आदल्या रात्रीपर्यंत कायोटीजच्या गणवेशात खेळत का असेनात.

असा विचित्र सौदा का झाला हे समजून घ्यायचं तर दोन गोष्टी आधी नीट कळायला हव्यात. एक, अमेरिकेत व्यावसायिक संघ विकत घेणारा माणूस नेमकं काय विकत घेतो. दुसरी, त्या संघाचे सामने ज्या इमारतीत होतात ती कोणाच्या ताब्यात असते. माझ्या मते खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि कायोटीजचा सगळा इतिहास त्याचाच पुरावा आहे.

इथे हॉकी म्हणजे ध्यानचंदांची नव्हे. ही बर्फावरची हॉकी, पायात स्केट्स घालून, रबराच्या चकतीने खेळली जाणारी. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही तिची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा. अमेरिका आणि कॅनडात मिळून ३२ संघ, २०२५-२६पर्यंत प्रत्येकाचे नियमित मोसमात ८२ सामने, त्यातले ४१ आपल्या घरच्या बर्फावर.

या ३२ जागा बंदिस्त आहेत. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या विभागात ढकलला जातो आणि खालचा वर येतो, तसं इथे काही नाही. कितीही हरलात तरी जागा तुमचीच. नव्या माणसाला आत यायचं तर एक तर कोणाची तरी जागा विकत घ्यायची, नाहीतर लीगने नवी जागा काढेपर्यंत थांबायचं आणि ती सांगेल ती किंमत मोजायची. लास व्हेगासने नव्या जागेसाठी ५० कोटी डॉलर मोजले, पुढे सिअ‍ॅटलला ६५ कोटी पडले. मुंबईत टॅक्सीपेक्षा तिचं परमिट महाग असायचं, त्यातलाच हा प्रकार आहे. खेळाडू येतात-जातात, प्रशिक्षक तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. विकलं जातं ते लीगमध्ये खेळण्याचं परमिट, आणि ते एका ठरावीक शहरापुरतं असतं. ते दुसऱ्या शहरात न्यायचं तर लीगची, म्हणजे बाकीच्या मालकांची परवानगी लागते आणि बहुधा त्यांना पैसेही द्यावे लागतात. स्मिथ यांच्या १२० कोटींतले २० कोटी हे या स्थलांतराचे होते.

आयपीएल बघणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. २०२१मध्ये लखनऊच्या संघासाठी ७,०९० कोटी रुपयांची बोली लागली तेव्हा त्या संघाकडे एक खेळाडू नव्हता की एक बॅट. पण एक मोठा फरक आहे आणि तोच या लेखाचा कणा आहे. आयपीएलचा पैसा मुख्यतः प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यामुळे मुंबई इंडियन्सचं स्वतःचं मैदान नाही, वानखेडे मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या ताब्यात आहे, याने संघाचं फारसं अडत नाही. एनएचएलमध्ये मात्र अडतं. २०२१पासून अमेरिकेतल्या प्रक्षेपणाचे तिला वर्षाला सुमारे साडेबासष्ट कोटी डॉलर मिळतात असं तेव्हा छापून आलं होतं. ३२ संघांत वाटले तर प्रत्येकाला जेमतेम दोन कोटी. कॅनडातल्या प्रक्षेपणाचा वाटा वेगळा धरला तरी २०२३-२४च्या मोसमात खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादाच प्रत्येक संघाला ८ कोटी ३५ लाख डॉलर होती. मधली दरी भरायची कशी?

ती भरते तिकिटांनी. आणि तिकिटांपेक्षाही, तिकीट काढून आत आलेल्या माणसाने पुढचे तीन तास जे जे केलं त्याने. गाडी लावायचे पैसे, बिअर, हॉट डॉग, टोपी, कंपन्यांनी वर्षभरासाठी घेतलेल्या काचेच्या खोल्या, इमारतीला नाव देण्याचा हक्क. शिवाय वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी घरचे सामने ४१ दिवस. उरलेल्या रात्रींना गाण्याचे कार्यक्रम, कुस्त्या, सर्कस. त्या रात्रींचं भाडं कोणाच्या खिशात जातं हे इमारत चालवण्याचा करार कोणाकडे आहे त्यावर ठरतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यात आणखी एक थर चढला आहे: अरीनाच्या, म्हणजे सामन्यांच्या या छप्पर असलेल्या इमारतीच्या भोवतालची जमीन. हॉटेलं, फ्लॅट, दुकानं. आज कोणी नवा मालक ‘आम्ही अरीना बांधतोय’ म्हणाला की समजावं, साहेब जमिनीच्या धंद्यात उतरतायत आणि हॉकी हे त्याचं निमित्त आहे. यात गैर काही नाही, पण बातमी वाचताना हे डोक्यात असलेलं बरं.

आता वाळवंटात येऊ.

कायोटीज मूळचे कॅनडातल्या विनिपेगचे, नाव जेट्स. १९९६मध्ये तो संघ अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला हलला. शहर झपाट्याने वाढत होतं, थंडीच्या महिन्यांत कॅनडा आणि उत्तरेच्या राज्यांतून लोक तिथे मुक्कामाला येत होते, आणि लीगला दक्षिणेत पाय पसरायचे होते. राहायला जागा मिळाली ती शहराच्या मध्यात, बास्केटबॉलच्या अमेरिका वेस्ट अरीनात. इमारत १९९२ची, म्हणजे नवी कोरी. पण ती बास्केटबॉलसाठी बांधलेली होती, आणि हे प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे.

बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. हॉकीचा बर्फ २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे लांबीला दुपटीहून जास्त. बास्केटबॉलच्या इमारतीत खुर्च्या मैदानाला अगदी खेटून, उभ्या चढणीने रचलेल्या असतात. जवळून बघण्यातच मजा असते. तिथे हॉकीचा बर्फ बसवायचा तर खालच्या रांगा काढाव्या लागतात. मग वरच्या मजल्यावर टोकाला बसलेल्या माणसाला आपल्या बाजूचा गोल दिसतच नाही. तो त्याच्याच पायांखाली, सज्जाच्या कडेआड असतो. लोक उड्या मारायला लागले की समजायचं गोल झाला. फिनिक्समध्ये अशा हजारो खुर्च्या होत्या. त्या स्वस्तात द्याव्या लागायच्या किंवा रिकाम्या राहायच्या. वर इमारत बास्केटबॉलवाल्यांची, कायोटीज तिथले पाहुणे. लोक बघायला येत होते, पण उत्पन्नाचा पाया पहिल्या दिवसापासून कच्चा होता.

२००१मध्ये बांधकाम व्यावसायिक स्टीव्ह एलमन आणि हॉकीतलं सगळ्यात मोठं नाव वेन ग्रेट्स्की यांच्या गटाने संघ घेतला. मूळ बेत स्कॉट्सडेलमध्ये, लॉस आर्कोस नावाच्या जुन्या मॉलच्या जागेवर अरीना बांधायचा होता. स्कॉट्सडेल हे फिनिक्सच्या पूर्वेचं श्रीमंत उपनगर. मोसमाची तिकिटं घेणारा, कंपनीच्या नावाने काचेची खोली घेणारा वर्ग त्याच बाजूला राहतो. पण ते जमलं नाही. मग पश्चिमेच्या ग्लेनडेल शहराने हात पुढे केला. सुमारे २२ कोटी डॉलरच्या अरीनापैकी १८ कोटी शहराने घातले आणि २००३च्या डिसेंबरात तो उघडला.

इमारत उत्तम होती, हॉकीसाठीच बांधलेली. फक्त ती महानगराच्या चुकीच्या टोकाला होती. आठवड्यातल्या एखाद्या बुधवारी संध्याकाळी सात वाजताच्या सामन्याला स्कॉट्सडेलहून निघायचं म्हणजे ऑफिस सुटायच्या गर्दीत अख्खं शहर आडवं कापायचं. माणूस एकदा जाईल, दोनदा जाईल, ४१ वेळा नाही जाणार. भोवतालच्या दुकानांतून आणि घरांतून येणाऱ्या कराच्या भरवशावर शहराने कर्ज काढलं होतं. २००८च्या मंदीत तो हिशेबही कोलमडला.

२००९च्या मे महिन्यात तेव्हाचे मालक जेरी मोयेस यांनी संघाची दिवाळखोरी जाहीर केली. त्यात एक डाव होता. ब्लॅकबेरी फोनवाले जिम बाल्सिली २१ कोटी २५ लाख डॉलर द्यायला तयार होते, पण त्यांना संघ कॅनडातल्या हॅमिल्टनला न्यायचा होता. लीग अशी परवानगी देणार नाही हे ठाऊक असल्याने दिवाळखोरीच्या न्यायालयामार्फत तिला बगल द्यायचा हा प्रयत्न होता. न्यायाधीशांनी बाल्सिलींची बोली फेटाळली. परमिट संघाचं असलं तरी ते कुठे वापरायचं हे लीग ठरवते, हा मुद्दा टिकला. शेवटी लीगनेच १४ कोटी डॉलर देऊन संघ स्वतःकडे घेतला.

पुढची चार वर्षं संघाला खरा मालक नव्हता. या काळात ग्लेनडेलने जे केलं त्यावर विश्वास बसत नाही. संघ निघून जाऊ नये म्हणून शहराने सलग दोन मोसम लीगला दर वर्षी अडीच कोटी डॉलर दिले. सामने शहराच्याच इमारतीत, आणि भाडेकरूला राहण्याचे पैसे घरमालक देतोय! २०१३मध्ये नवा गट आला, १७ कोटींना संघ घेतला, आणि ग्लेनडेलच्या परिषदेने ४ विरुद्ध ३ मतांनी पंधरा वर्षांचा करार केला: अरीना चालवण्याबद्दल शहराने संघाला वर्षाला दीड कोटी, एकूण साडेबावीस कोटी डॉलर द्यायचे. दोनच वर्षांत परिषदेचं मत फिरलं. शहराचा माजी वकील संघाच्या नोकरीत गेला होता. हितसंबंधांच्या संघर्षाच्या कायद्यावर बोट ठेवून २०१५मध्ये परिषदेने तो करार ५ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. त्यानंतर वर्षा-वर्षाच्या मुदतीवर दिवस काढणं सुरू झालं.

२०१९मध्ये अ‍ॅलेक्स मेरुएलो आले. कॅसिनो, बांधकाम, रेडिओ-टीव्ही अशा धंद्यांतला माणूस, आणि एनएचएल संघाचा पहिला हिस्पॅनिक बहुमतधारक मालक. ग्लेनडेलशी त्यांचं जमलं नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये शहराने कळवलं की या मोसमानंतर करार वाढवणार नाही. त्याच डिसेंबरात थकबाकी भरा नाहीतर दाराला टाळं लावू असा इशाराही दिला. संघाने चूक मानवी होती असं सांगून पैसे भरले. पण एवढी वर्षं पैसे ओतून शहरच दमलं होतं. संघ नसला तर त्या रात्री गाण्याचे कार्यक्रम लावता येतात, आणि त्याचे पैसे येतात, द्यावे लागत नाहीत, हा हिशेब त्यांनी मांडला होता.

मग कायोटीज गेले कुठे? फिनिक्सच्या शेजारच्या टेंपी शहरात, अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या मलेट अरीनात. विद्यार्थ्यांच्या संघासाठी बांधलेली इमारत, कायोटीजच्या सामन्यांना जागा सुमारे ४,६००. एनएचएलमध्ये इतर ठिकाणी १७-१८ हजार माणसं बसतात. ऑक्टोबर २०२२मध्ये पहिला सामना झाला तेव्हा पाहुण्या संघाच्या कपडे बदलायच्या कायमच्या खोल्या बांधून झालेल्या नव्हत्या. शेजारच्या सरावाच्या रिंकवर तात्पुरती सोय केली होती. आणि तो पाहुणा संघ होता विनिपेग. १९९६मध्ये संघ गमावलेल्या त्या शहराने २०११मध्ये अटलांटाचा संघ आणून पुन्हा जेट्स उभे केले होते.

तिथे जाऊन सामना बघितलेले लोक सांगतात की मजा यायची, खेळ अगदी नाकासमोर. पण लीगच्या दृष्टीने ती नामुष्की होती, आणि नुसती अब्रूची नाही. एनएचएलमध्ये हॉकीतून येणाऱ्या एकूण उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा असतो आणि पगाराची मर्यादा त्यावरून ठरते. म्हणजे टेंपीतल्या रिकाम्या गल्ल्याचा चिमटा टोराँटोच्या खेळाडूलाही बसतो. २०२४च्या सुरुवातीला खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्टी वॉल्श यांनी उघडपणे सांगितलं की हे आता पुरे झालं.

मलेट अरीना हा अर्थातच मधला मुक्काम होता. मेरुएलोंचा खरा बेत टेंपी शहरातच, विमानतळाजवळच्या ४६ एकरांवर होता. त्या जागी शहराचा कचरा डेपो होता. अरीना, हॉटेलं, नाट्यगृह आणि दोन हजारांच्या आसपास घरं, असा २१० कोटी डॉलरचा प्रकल्प. अरीना आम्ही खासगी पैशाने बांधू, असं संघ सांगत होता आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. मागणी होती ती करसवलतीची. अ‍ॅरिझोनात एक कायदेशीर सोय आहे: जमीन कागदावर शहराच्या मालकीची ठेवायची, विकासकाने ती भाड्याने घ्यायची. सरकारी मालमत्तेवर मालमत्ता कर नसतो, त्याऐवजी वेगळा, कमी कर लागतो, आणि काही वर्षं तोही माफ होऊ शकतो. अरीनासाठी ही माफी तीस वर्षांची होती. कचरा उपसून जमीन साफ करायचा खर्च कर्जरोख्यांतून, आणि त्यांची फेड त्याच जागेवर जमा होणाऱ्या करांतून.

टेंपीच्या परिषदेने नोव्हेंबर २०२२मध्ये एकमताने होकार दिला, पण अखेरचा शब्द मतदारांचा होता. फिनिक्स शहराने आक्षेप घेतला की विमानं जिथून डोक्यावरून जातात तिथे माणसांची घरं नकोत, पूर्वी तसा करार झालेला आहे. प्रकरण कोर्टात गेलं. १६ मे २०२३ला मतमोजणी झाली. तीन ठराव होते, तिन्ही पडले. सुमारे ५६ टक्के लोक विरोधात होते.

या निकालाकडे ‘टेंपीवाल्यांना हॉकी नको होती’ असं बघणं मला पटत नाही. खेळांच्या अर्थशास्त्रावर काम करणारे बहुतेक अभ्यासक गेली कित्येक वर्षं सांगत आलेत की अरीनावर घातलेला सरकारी पैसा शहराला परत मिळत नाही. कुटुंबाचा करमणुकीचा खर्च ठरलेला असतो, तो हॉकीवर झाला तर सिनेमावर आणि हॉटेलात होत नाही. पण मतदार अर्थशास्त्राचे पेपर वाचून मत देत नाही. त्याच्यासमोर वीस मैलांवर ग्लेनडेल होतं. टेंपीचा करार कागदावर ग्लेनडेलच्या करारापेक्षा कितीतरी बरा होता, तरी सही करणारा संघ तोच होता, आणि गेल्या वीस वर्षांत त्या संघाने शहरांशी कसा व्यवहार केला हे सगळ्यांना पाठ होतं. मेरुएलोंना आधीच्या मालकांचंही कर्ज फेडावं लागलं, आणि ते पैशात फिटणारं नव्हतं.

त्या दिवसापासून संघ अ‍ॅरिझोनातून जाणार हे जवळपास ठरलं. तिकडे यूटामध्ये रायन स्मिथ दार ठोठावत होते. सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात, क्वालट्रिक्समध्ये त्यांनी पैसा केला. २०२०मध्ये १६६ कोटी डॉलरला यूटा जॅझ हा बास्केटबॉल संघ घेतला आणि त्यासोबत सॉल्ट लेक सिटीतला डेल्टा सेंटर अरीनाही त्यांच्याकडे आला. म्हणजे त्यांच्याकडे इमारत आधी आली, हॉकीचा संघ नंतर. कायोटीजच्या कोणत्याच मालकाला हा क्रम साधला नव्हता.

आता सुरुवातीच्या सौद्याचे तुकडे जुळतात. स्मिथना संघ लगेच हवा होता. लीगला मलेट अरीनातून सुटका हवी होती, पण पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या महानगराचं दार कायमचं बंद करायचं नव्हतं. मेरुएलोंना परमिटावर पाणी सोडायचं नव्हतं. म्हणून लीगने मधे उभं राहून १०० कोटींना मेरुएलोंकडून खेळाडू घेतले, स्मिथना १२० कोटींना दिले, आणि मेरुएलोंना सांगितलं: पाच वर्षांत अरीना बांधा, १०० कोटी परत करा, तुमचा कायोटीज पुन्हा जिवंत करू. पंधरा वर्षांपूर्वी १४ कोटींना गेलेला, दर वर्षी तोट्यात चाललेला, डोक्यावर छप्पर नसलेला संघ १२० कोटींना जातो, याचं कारण इतकंच की अशा जागा फक्त ३२ आहेत.

मेरुएलोंनी उत्तर फिनिक्समध्ये सरकारी जमिनीवर डोळा ठेवला होता. अ‍ॅरिझोनातली ही राखीव जमीन लिलावानेच विकावी लागते. लिलाव २७ जून २०२४ला होता, किमान बोली ६ कोटी ८५ लाख डॉलर. त्याच्या आठवडाभर आधी राज्याच्या भूविभागाने तो रद्द केला: अरीनासाठी विशेष वापराचा परवाना लागतो, तो आधी मिळवा. काही दिवसांतच मेरुएलोंनी नाद सोडला. कागदावरचा कायोटीजही तिथे संपला.

हॉकीच्या नकाशावर फिनिक्सने काहीच कमावलं नाही असं मात्र नाही. स्कॉट्सडेलमध्ये वाढलेला, लहानपणी कायोटीजचे सामने बघून बर्फावर उतरलेला ऑस्टन मॅथ्यूज २०१६च्या खेळाडू-निवडीत संपूर्ण लीगमध्ये पहिला निवडला गेला. निवडणारा संघ टोराँटो होता, तेवढं सोडा.

आणि यूटा? तिथे २०२४च्या ऑक्टोबरात पहिला सामना झाला, शिकागोला ५-२ हरवलं, इमारत गच्च भरली होती. मे २०२५मध्ये संघाला यूटा मॅमथ हे नाव मिळालं. पण डेल्टा सेंटर ही इमारत १९९१ची आणि बांधलेली बास्केटबॉलसाठी. फिनिक्समध्ये जे भोगलं तेच पुन्हा. पहिल्या मोसमात सोळा हजारांवर जागांपैकी सुमारे ११ हजारांवरूनच पूर्ण बर्फ दिसत होता. टोकाच्या खुर्च्यांची तिकिटं ‘एकच गोल दिसेल’ असं स्पष्ट सांगून स्वस्तात विकली. फरक असा की इथे इमारत मालकाच्या हातात आहे, त्यामुळे ती फोडून पुन्हा रचता येते. मोसम संपला की उन्हाळ्यात काम, शरद ऋतूत पुन्हा खेळ.

त्याचा खर्च कोण करतंय? मार्च २०२४मध्ये, संघ हाती येण्याच्याही आधी, यूटाच्या विधिमंडळाने कायदा करून सॉल्ट लेक सिटीला विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायची मुभा दिली. तीस वर्षांत त्यातून ९० कोटी डॉलरपर्यंतची रक्कम अरीना आणि भोवतालच्या परिसरासाठी उभी करायची. शहराच्या परिषदेने १ ऑक्टोबरला मंजुरी दिली, १ जानेवारी २०२५पासून कर सुरू. टेंपीत मागितलेल्या सवलतीपेक्षा हा उघड उघड मोठा सरकारी हात आहे. पण इथे मतपेटी मधे आली नाही. २०३४चं हिवाळी ऑलिंपिक सॉल्ट लेकला मिळालंय, ऐन मध्यवस्ती करोनानंतर ओस पडलेली, जॅझ शहर सोडून उपनगरात जाईल की काय ही धास्ती, अशा सगळ्या कारणांनी पुढाऱ्यांनी निर्णय स्वतःच घेतला. तो चुकीचाच ठरेल असं मी म्हणणार नाही; मध्यवर्ती ठिकाणी, रेल्वेच्या थांब्याला लागून असलेला अरीना ग्लेनडेलपेक्षा नक्कीच शहाणपणाचा आहे. पण चहा-कॉफीच्या बिलावर हा कर देणाऱ्याला कोणी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

ज्यांनी आपणहून जाऊन आपलं म्हणणं सांगितलं त्यांत डेल्टा सेंटरच्या शेजारची एक छोटी गल्ली आहे. सॉल्ट लेकची जपानी वस्ती एकेकाळी इथे भरभरून होती. १९६०च्या दशकात सॉल्ट पॅलेस हे प्रदर्शन केंद्र बांधण्यासाठी ती पाडली. उरली एक बौद्ध मंदिर आणि एक जपानी चर्च, आणि त्यांच्या समोर प्रदर्शन केंद्राची मागची बाजू, जिथे ट्रक माल उतरवतात. नव्या परिसराच्या आराखड्यात ही गल्ली पुन्हा कोणाच्या तरी इमारतीची पाठ बनू नये, एवढीच तिथल्या लोकांची मागणी होती.